कास नव्हे, कासुर्डी!

सप्टेंबर उजाडला की पुण्यातल्या प्रत्येक ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच मेसेज पडतो : 'कास प्लॅन करायचं का?' मग दोन दिवस अंगठ्यांचा पाऊस, तिसऱ्या दिवशी ऑनलाइन बुकिंग फुल्ल, आणि ज्यांना बुकिंग मिळालं ते रविवारी पहाटे पाचला सातारा रोडवर. वर पोहोचल्यावर फुलं असतातच हो, पण फुलांपेक्षा डोकी जास्त. पंधरा मिनिटांत मोबाईलची मेमरी संपते आणि परतताना गाडीत कुणीतरी विचारतं, "ए, ते पिवळं कुठलं होतं गं?"

गाडीत शांतता.

मी कासला चार वेळा गेलेय. माझ्या लॅपटॉपवरच्या फोटोंची नावं सांगू? 'पिवळं १', 'पिवळं २', 'पिवळं २ (की १च?)'. मास कॉमच्या डिग्रीत कॅमेरा धरायला शिकवतात, पानाचा देठ बघायला कुणी शिकवत नाही. 'फुलांचा फोटो काढला म्हणजे फूल कळलं' असा माझा एक सॉलिड गैरसमज होता. तो यंदा फुटला. कासला नव्हे, कासुर्डीला. आणि त्याला कारण ठरली एक भाजीची पिशवी.

आजीची भाजी आणि माझा शहाणपणा

कासुर्डी तुम्ही बघितलेलं नसेल, पण ओलांडलं नक्की असेल. हडपसरहून सोलापूर रोडला लागायचं, लोणी काळभोर, उरुळी कांचन मागे टाकायचं, की यवतच्या अलीकडे हे गाव येतं. दौंड तालुका. बहुतेकांनी हे नाव टोलनाक्याच्या बातम्यांमुळे ऐकलंय, फुलांमुळे कुणीच नाही. रस्त्यावरून दिसतो तो ऊस, कारण खडकवासल्याचं पाणी कालव्यातून इकडे येतं. पण पाणी जिथं चढत नाही तिथं सगळा मुरमाड माळ. पाऊस बेताचा, सह्याद्रीच्या सावलीतला.

माझ्या रूममेटचं हे गाव. जुलैमध्ये तिच्याबरोबर वीकएंडला गेले होते. सकाळी बांधावर फिरताना एक ओळखीचं झुडूप दिसलं. जोडीजोडीनं लागलेली हिरवीगार पानं. टाकळा! माझी आजी चिपळूणची. पावसाळ्यात तिच्याकडे टाकळ्याची भाजी व्हायची, फणसाच्या आठळ्या घालून, वर भरपूर खोबरं. पुण्यात आल्यापासून मी ती खाल्लेली नाही. लगेच खात्री करायला मोबाईलवरच्या अ‍ॅपनं फोटो काढला. अ‍ॅपनं उत्तर दिलं : 'सेना'. आता महाराष्ट्रात 'सेना' म्हटलं की पुढचा प्रश्न 'कुठली?' असा असतो. तो मी विचारायला हवा होता. मी मात्र टाकळाही सेनाच आहे एवढं वाचलं आणि अर्धी कॅरीबॅग भरून खुडलं.

अंगणात काकूंनी, म्हणजे रूममेटच्या आईनं, पिशवीत डोकावलं.

"हे गं काय?"

"टाकळा, काकू! रात्री भाजी करते, बघाच तुम्ही."

"टाकळा हाय म्हणून कुणी सांगितलं तुला?"

मी मोबाईल पुढे केला. काकूंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. एक डहाळी उचलली आणि पानाच्या टोकावर बोट ठेवलं. "टाकळ्याचं पान टोकाला गोल असतंय, पैशावानी. ह्याला बघ, कसं टोक आलंय. हा कासविंदा. ह्याला आमच्यात चुलीपाशी आणीत नाहीत." आणि पिशवी उकिरड्यावर रिकामी.

मला तेव्हा थोडा रागच आला. वाटलं, एवढं काय त्यात? पुण्याला येऊन कासविंद्यावर वाचायला बसले आणि राग गेला.

पश्चिम उत्तर प्रदेशात वर्षानुवर्षं दर पावसाळ्यानंतर लहान मुलं अचानक आजारी पडायची, बेशुद्ध व्हायची आणि त्यातली बरीच दगावायची. मेंदूचा कुठलासा व्हायरस असणार, असंच समजलं जायचं. २००७ मध्ये डॉ. विपिन वशिष्ठ, डॉ. टी. जेकब जॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की यामागे व्हायरस नसून बहुधा एक झुडूप आहे. खेळता खेळता मुलं कासविंद्याच्या शेंगा खात होती, आणि त्या बियांमधलं विष लिव्हर, स्नायू आणि मेंदू तिन्हींवर घाला घालत होतं. घराच्या मागं, रस्त्याच्या कडेला उगवणारं, पिवळ्या फुलांचं, दिसायला अगदी साधं झुडूप.

माझ्या पिशवीत शेंगा नव्हत्या, नुसती कोवळी पानं होती. आयुर्वेदात हाच कासविंदा 'कासमर्द' नावानं औषध म्हणून वापरतात, हेही खरं. पण औषध देणारा वैद्य वेगळा आणि अ‍ॅप बघून भाजी खुडणारी मी वेगळी. रात्री आठ जण जेवायला होते. त्यात काकूंचा चार वर्षांचा नातू होता.

ओळखपरेड

म्हणून सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी पुन्हा कासुर्डीला गेले. या वेळी पिशवी नेली नाही. स्टेशनरीच्या दुकानातलं एक छोटं भिंग, एक वही आणि सोबत काकू. तोपर्यंत माळावर सगळीकडे पिवळं झालेलं. माझ्या डोळ्यांना सगळं एकच : पाच पाकळ्या, हळदीसारखा रंग, मध्ये वाकडे पुंकेसर. पोलिस ओळखपरेडमध्ये एकसारखे दिसणारे लोक ओळीनं उभे करतात ना, तसंच. काकूंच्या मागे चालत मी वीस पावलांत चार संशयित उभे केले.

पहिला, तरवड. इथला मूळ रहिवासी, भारत-श्रीलंकेचाच. चांगलं कमरेएवढं किंवा त्याहून उंच झुडूप, फुलं मोठी आणि ठसठशीत. पण फुलाकडे बघू नका. पान जिथं खोडाला चिकटतं तिथं बघा. दोन्ही बाजूंना कानाच्या पाळीसारखी गोलसर हिरवी पानं दिसतील, आणि ती गळून पडत नाहीत. तरवडाच्या शास्त्रीय नावातला 'ऑरिक्युलाटा' हा शब्द कानावरूनच आलाय. शेंग चपटी, कागदासारखी पातळ. तरवडाची साल कातडं कमवायला वापरत. ऑफिसात कुणी हैदराबादी असेल तर त्याला फोटो दाखवा. 'तंगेडू' म्हणून तो उडी मारेल. तेलंगणाचं हे राज्यफूल, बतुकम्माच्या सणात मानाचं.

दुसरा, टाकळा. हाही बरेच जण आपलाच, आशियातला मानतात. पानाच्या एका काडीवर छोट्या पानांच्या बहुतेक तीनच जोड्या, आणि प्रत्येक पान टोकाला गोल, रुंद. काकूंच्या भाषेत 'पैशावानी'. शेंग एकदम बारीक, लांबलचक, कोयत्यासारखी वाकलेली आणि चौकोनी धारांची. एकदा बघितली की विसरणार नाही.

तिसरा, कासविंदा. मूळचा अमेरिका खंडातला मानतात, पण आता जगभर पसरलाय. जोड्या चार-पाच किंवा सहासुद्धा, पानं भाल्याच्या टोकासारखी निमुळती. शेंग चपटी, जवळपास सरळ, कडेनं फिकट किनार असलेली. चुरगाळलं की घाण वास. पण थांबा, नुसत्या वासावर विश्वास ठेवू नका. टाकळ्यालाही उग्र वास असतो. नाक साक्षीदार म्हणून चालेल, न्यायाधीश म्हणून नाही.

चौथी, सेना युनिफ्लोरा. पुस्तकी नाव सांगतेय, कारण काकू तिला फक्त 'ते नवं झुडूप' म्हणतात. ही पण अमेरिकेहून आलेली. फुलं लहान, कोवळे भाग तपकिरी-सोनेरी लवीनं माखलेले. शेंगा आखूड, केसाळ, घोसात उभ्या, आणि प्रत्येक बीमागे शेंग चिमटल्यासारखी. सोलापूर रोडच्या कडेनं जे दाट पिवळं-हिरवं दिसतं आणि आपण कारमधून 'वॉव, वाइल्ड फ्लॉवर्स' म्हणतो, त्यात हीच बरीच असते.

हिची गोष्ट मजेदार आहे. आपलं ते कुप्रसिद्ध गाजरगवत, ऊर्फ काँग्रेस गवत, भारतात पहिल्यांदा नोंदलं गेलं ते १९५५ मध्ये, पुण्यातच! पुढं त्याला हटवायला काही ठिकाणी, विशेषतः कर्नाटकात, ही युनिफ्लोरा मुद्दाम वाढवून बघितली गेली. म्हणजे एका पाहुण्याला घालवायला दुसऱ्या पाहुण्याला बोलावलं. आता हिला कोण घालवणार? "शेळीपण तोंड लावत नाही तिला," काकू म्हणाल्या.

फुलाच्या खाली बघा

आता खरा फंडा. या सगळ्या मंडळींची फुलं एकसारखी का, तर ती एकाच कुळातली सख्खी भावंडं. फुलात मध सापडत नाही, भुंग्याला फक्त पराग मिळतात. तेही सहज नाही. परागांच्या पिशव्यांना टोकाला बारीक भोक असतं, मिठाच्या डबीसारखं. भुंगा फुलाला मिठी मारतो, अंग थरथरवतो, 'घुंऽऽ' असा आवाज येतो आणि पराग बाहेर उडतात. तरवडाजवळ दोन मिनिटं गप्प उभे राहा, ऐकू येईल. मोबाईलच्या व्हायब्रेट मोडचा शोध भुंग्यांनी लावलाय, अशी माझी आता पक्की खात्री आहे.

फुलात नसलेला मध मग असतो कुठे? पानाच्या काडीवर! तिथं बारीक पुटकुळीसारखी ग्रंथी असते आणि तिच्यातून गोड थेंब पाझरतो. तो मुंग्यांसाठी. मुंग्या येतात, गोड पितात आणि जाता जाता पानं खाणाऱ्या किड्यांना हुसकावतात. वॉचमनला रोजचा चहा, तसंच. आणि नेमकी ही पुटकुळी म्हणजे ओळख पटवण्याचं सगळ्यात भरवशाचं आयकार्ड आहे. भिंग त्यासाठीच नेलं होतं.

तरवड : प्रत्येक जोडीच्या मध्ये एक पुटकुळी. टाकळा : खालच्या दोन जोड्यांच्या मध्ये एकेक. कासविंदा : पानांच्या जोड्यांमध्ये एकही नाही, फक्त काडीच्या अगदी बुडाशी एकच, गडद आणि फुगीर. टाकळ्याचा एक डुप्लिकेटही असतो, सेना ऑब्ट्युसिफोलिया. पानं, शेंगा सगळं जवळजवळ तेच, पण पुटकुळी फक्त सर्वांत खालच्या जोडीत. हा फरक समजायला मला पाऊण तास लागला आणि मान आखडली.

महत्त्वाचं म्हणजे पुटकुळ्या जुलैमध्येही असतात. फुलं आणि शेंगा नसताना, नेमक्या भाजीच्या दिवसांत. माझी पिशवी भरताना पुरावा माझ्या बोटांत होता. मी स्क्रीनकडे बघत होते.

अ‍ॅपला मी शिव्या देत नाहीये. ते वापराच. पण फोटो काढताना फक्त फुलाचा क्लोजअप नको. एक फोटो पूर्ण झाडाचा, एक पानाचा वरून, एक काडीच्या बुडाचा, एक शेंगेचा. चार फोटो दिले तर अ‍ॅपचीही अक्कल वाढते, आणि नंतर एखाद्या जाणकाराला विचारलं तर तोही उत्तर देऊ शकतो. नुसत्या पिवळ्या पाकळ्या दाखवल्या तर तोसुद्धा 'सेना' म्हणून मोकळा होईल. आणि प्लीज, हा कॉलम वाचून भाजी खुडायला जाऊ नका. ओळखणाऱ्या माणसानं हातात धरून दाखवल्याशिवाय रानातलं काहीही पोटात नाही.

आणखी एक गोंधळ आधीच सांगून ठेवते. जुन्या पुस्तकांत यांची नावं 'कॅसिया' म्हणून सापडतात. १९८२ मध्ये शास्त्रज्ञांनी कॅसिया कुटुंबाच्या वाटण्या केल्या. बहावा कॅसियातच राहिला, ही चौकडी 'सेना'त गेली. तेव्हा दोन पुस्तकांत दोन नावं दिसली तर घाबरू नका.

'पण आम्ही आयटीवाले, आम्हाला कुठं जमणार,' असं म्हणत असाल तर दोन नावं सांगते. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ लिहिणारे थिओडोर कुक हे पुण्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजचे प्रिन्सिपल होते. स्वतः इंजिनिअर. ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात भागाभागानं आला आणि संशोधक आजही तो उघडतात. आणि २००१ मध्ये 'फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री' हे पुस्तक ज्यांनी हजारो ट्रेकर्सच्या सॅकमध्ये पोहोचवलं, ते श्रीकांत इंगळहळीकर, तेही इंजिनिअरच. म्हणजे 'बॉटनी नव्हती मला' हे एक्स्क्यूज बाद.

'इथं काहीच नाही, मॅडम'

दुपारी परत फिरताना माळाच्या टोकाला एक नवा बोर्ड दिसला. एनए प्लॉट, हप्त्यांची सोय, हायवेपासून पाच मिनिटं. बोर्डाशेजारी बाईक लावून एक एजंट उभा. आम्हाला कस्टमर समजला. (जीन्स आणि गॉगल म्हणजे कस्टमर.) "बघा मॅडम, एकदम क्लियर जागा. इथं काहीच नाही, नुसतं गवत आणि झुडपं. आठवड्यात जेसीबी लावून लेव्हल करून देतो."

खरं सांगते, जुलैमध्ये त्यानं हे म्हटलं असतं तर मी मान डोलावली असती. मलाही तिथं 'काहीच नाही' दिसलं असतं. सरकारी पडीक जमिनीच्या अ‍ॅटलासमध्येही असे झुडपी माळ 'पडीक' याच सदरात मोजलेले आहेत. त्या एजंटला एकट्याला काय बोलणार? आणि त्याच्याकडून प्लॉट घेणारे कोण? हडपसरला, खराडीला, मगरपट्ट्याला ऑफिसात बसणारे, सेकंड होमचं स्वप्न बघणारे. म्हणजे तुम्ही आणि मीच की.

गंमत कडू अशी, की जेसीबी फिरला की चारही संशयित एकदम जातात, पण परत येतात ते सगळे नाही. उकरलेल्या मातीत, रस्त्याच्या कडेला पहिल्यांदा उगवते ती युनिफ्लोरा. मागोमाग गाजरगवत आणि कासविंदा. तरवडाचं जुनं झुडूप काही आठवड्यात उभं राहत नाही. पुढच्या पावसाळ्यात तिथून जाताना आपल्याला पुन्हा पिवळंच दिसेल. आपण म्हणू, वा, फुलं आहेत की अजून! फुलं असतील, पण ती नसतील. आणि फरक ओळखता येत नसेल तर काही गेलंय हेही कळणार नाही.

काकू एजंटला काही बोलल्या नाहीत. तो माळ त्यांच्या दिरांचा होता. दिरांच्या मुलाला पुण्यात वन बीएचके घ्यायचाय, त्याचं डाउन पेमेंट त्यातूनच येणार. त्यामुळे इथं कुणाला व्हिलन ठरवणं सोपं नाही. घरी जाताना त्यांनी फक्त एका तरवडाखाली वाळलेल्या शेंगा ओंजळभर गोळा केल्या आणि पदराला बांधल्या. म्हणाल्या, "विहिरीच्या बांधावर टाकून बघते. रुजलं तर रुजलं."

मग त्यांनी सांगितलं, की नवरात्रात घटावर रोज माळ चढते, त्यात तरवडाच्या फुलांची माळ लागतेच. सासूच्या सासूपासून चालत आलेलं. पुण्यात आपण झेंडूवर भागवतो. तो मूळचा मेक्सिकोचा, हे किती जणांना माहीत असतं?

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी रूममेटच्या फोनवर काकूंचा फोन आला. तिनं तो माझ्या हातात दिला.

"अगं, उद्या तरवड आणायला सुनेला पाठवते म्हणतेय. तू येणारेस का? जरा लांब जावं लागतंय यंदा, ओढ्याच्या पलीकडं."

"येते की. पण सूनबाईंना ओळखता येतो ना?"

"नाही ना," काकू म्हणाल्या. "म्हणून तर तुला बोलावतेय."